पणजोबा शोधायचे तर त्यांच्या मृत्यूपासून सुरुवात करा

आपल्या पणजोबांची जन्मतारीख सांगता येईल असं घर महाराष्ट्रात विरळाच. पण ते गेले ती तिथी विचारा, घरातली एखादी म्हातारी आजी लगेच सांगेल: कार्तिक वद्य पंचमी. जन्म घरात व्हायचा आणि कुणी तो लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालायची वेळ आली की मास्तर अंदाजाने १ जून टाकायचे. मृत्यूचं मात्र तसं नव्हतं. माणूस गेला की दरवर्षी त्याची तिथी पाळावी लागे, जमिनीवर वारस लावावे लागत, अस्थी तीर्थाला न्याव्या लागत, आणि गावच्या नोंदवहीत मयत लिहिली जाई. म्हणजे एकाच मृत्यूच्या खुणा तीन-चार ठिकाणी उरायच्या. त्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या असायच्या.

इंग्लंडमध्ये घराण्याचा शोध घेणारे लोक दोन गोष्टींना धरून मागे जातात: चर्चच्या दफन नोंदवह्या आणि कोर्टाने मान्य केलेली मृत्युपत्रं. तिथे दफनाच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ सालचा आहे, आणि १८५८पासून मृत्युपत्रांचं काम चर्चच्या कोर्टांकडून काढून सरकारकडे आलं. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना दहन देतात आणि मृत्युपत्र करणारे पूर्वी फार थोडे होते, म्हणून आपल्याकडे असं काही नाहीच असा समज आहे. तो बरोबर नाही. तीच कामं आपल्याकडे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची वही), फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या करतात.

आणि मृत्यूच का? कारण जन्माच्या नोंदीत फार तर बाप आणि मूल दिसतं. वारसाच्या नोंदीत मयत माणूस, त्याचा बाप, त्याची विधवा आणि वयांसकट मुलं, अशा तीन पिढ्या चार ओळींत बसलेल्या असतात.

आधी घरात विचारा

श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा या तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. आई, आजी, पणजी यांचीही घेतली जातात, आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांचीही. सरकारी कागदांत बायका जवळजवळ दिसत नाहीत. त्यांची नावं टिकली ती इथे. घरात गुरुजींना द्यायचा नावांचा एखादा जुना कागद असेल तर तो आधी हस्तगत करा. जिथे गुरुजींकरवी श्राद्ध होत नाही तिथेही पितृपक्षात म्हाळ घालतात, आणि कोणाचा दिवस कुठला हे घरातल्या बायकांना पाठ असतं.

तिथीत वर्ष नसतं, ही तिची मर्यादा. पण पुढे कागदात तारीख सापडली की हीच तिथी ताळा करायला उपयोगी पडते. कोणत्याही जुन्या तारखेची तिथी आता संगणकावर काढता येते. कागदातली तारीख आणि घरातली तिथी जुळली, एखाद्या दिवसाच्या फरकाने का होईना, की माणूस तोच आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. एक खबरदारी घ्या: काशी किंवा हरिद्वारच्या वहीत तिथी उत्तरेच्या पद्धतीने लिहिलेली असू शकते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष तिकडे आश्विनाचा कृष्ण पक्ष होतो.

कोतवाल बुक

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची गावची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यावर हे काम ग्रामपंचायतीकडे गेलं. त्याआधीची जुनी पुस्तकं साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात तारीख, मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय आणि मरणाचं कारण असतं. आडनाव अनेकदा नसतंच.

माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यांत न्यायी कागद हाच. जमिनीचे कागद जमीन असणाऱ्यांचेच. कोतवाल बुकात मात्र सालदार, मजूर, विधवा, दोन दिवसांचं बाळ, सगळे एकाच रकान्यात येतात. भूमिहीन कुटुंबांना सरकारी दप्तरात पूर्वज सापडण्याची सर्वाधिक शक्यता इथेच आहे. त्यांनी वतनांची, म्हणजे गावकामाबद्दल मिळालेल्या वंशपरंपरागत हक्कांची, रजिस्टरंही पाहावीत. महार वतन आणि इतर कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८च्या कायद्याने संपली, पण तोवर वतनाचा हक्क कोणत्या कुटुंबाकडे आणि कोणत्या शाखेकडे आहे याचा हिशोब सरकार ठेवत होतं.

वय वाचताना सावध राहा. ४०, ५०, ६० असे पूर्ण आकडे सतत दिसतात, ते अंदाजाचे असतात. कारणाचा रकाना मात्र लक्ष देऊन वाचा. ताप, हगवण, खोकला हे नेहमीचे शब्द. पटकी म्हणजे कॉलरा. देवी आणि प्लेगची पानं वेगळी ओळखू येतात. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढची अनेक वर्षं तो गावोगाव फिरत राहिला. १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात हाहाकार केला, आणि कोतवालाने तो बहुतेक ठिकाणी नुसता ‘ताप’ म्हणून लिहिला. एकाच घरातली तीन माणसं आठवड्याभरात गेलेली अशा पानांवर दिसतात. आपले आजोबा मामाकडे का वाढले, या घरात कुणालाच नीट सांगता न आलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी तिथे मिळतं.

नोंद सापडली नाही तर लगेच हात टेकू नका. माणूस मुंबईच्या गिरणीत असेल तर मृत्यू तिथे नोंदला गेला असेल. बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि तिथेच गेली, असं त्या काळी वारंवार होई. मग तिच्या माहेरच्या गावचं पुस्तक पाहावं लागतं.

फेरफार: चार ओळींत तीन पिढ्या

मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने जमिनीच्या हक्कांची नोंदणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती गावोगाव पोचली. जमिनीचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला की त्याची नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६मध्ये होते. जुन्या कागदांत तिलाच ‘ड’ पत्रक म्हणतात. वारसांच्या प्रकरणांची ६-क ही आणखी एक नोंदवही असते.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात आकडा दिसतो, तो फेरफाराचा क्रमांक. तो फेरफार काढला की त्यात आधीच्या मालकाचं नाव मिळतं. त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो काढला की त्याआधीचा. असं मागे मागे जाता येतं.

समजा १९२३चा एक फेरफार हाती आला आणि त्यात असं लिहिलंय: ‘राणोजी बिन भिकाजी मयत. वारस मुलगे १. तुकाराम, वय २२. २. भिकाजी, वय १४, अ.पा.क. आई सखुबाई कोम राणोजी.’ इथे बिन म्हणजे ‘चा मुलगा’ आणि कोम म्हणजे ‘ची बायको’. काही कागदांत कोमऐवजी भ्रतार असतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अज्ञान मुलाच्या वतीने वहिवाट पाहणारं माणूस. एवढ्यावरून किती कळतं पाहा. धाकटा भिकाजी १९०९च्या सुमारास जन्मला. थोरला तुकाराम १९०१च्या सुमारास. राणोजी गेला तेव्हा सखुबाई हयात होती. आणि आणखी एक गोष्ट: आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, पण हयात वडीलधाऱ्याचं नाव अनेक घरांत ठेवत नाहीत. आजोबांचं नाव थोरल्याला न मिळता धाकट्याला मिळालं, म्हणजे थोरल्याच्या जन्मावेळी आजोबा भिकाजी बहुधा जिवंत होते आणि धाकट्याच्या आधी गेले. हा अंदाजच, पण त्यामुळे कोतवाल बुकातला शोध १९०१ ते १९०९ एवढ्या वर्षांत येतो. ती प्लेगचीही वर्षं.

हीच रीत सगळ्यांत मोठा घोळही घालते. भिकाजीचा राणोजी, राणोजीचा भिकाजी, त्याचा पुन्हा राणोजी. एका गावात एका भावकीत एकाच वेळी तीन राणोजी बिन भिकाजी असू शकतात, कारण प्रत्येक चुलतभावाने त्याच आजोबांचं नाव ठेवलेलं असतं. अशा वेळी नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. सर्व्हे नंबर आणि हिस्सा पाहा. माणसं एकाच नावाची असली तरी त्यांचे बांध वेगळे असतात. आडनावावरही फार विसंबू नका. त्याच घराण्याची एक शाखा पाटील लिहिते, दुसरी गावावरून ‘कर’ लावते, तिसरी मूळ आडनावावर राहते.

एक अडचण मध्ये हमखास येते. १९४७च्या कायद्याने तुकडेजोड, म्हणजे विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण, सुरू झाली, तेव्हा बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर आणि नवा गट यांची जुळवणी एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात असते. भूमी अभिलेख कार्यालयात ९(३) आणि ९(४)चे उतारे मागितले की ती मिळते. ती न पाहता मागे गेलात तर दुसऱ्याच कुणाच्या शेतात आणि दुसऱ्याच घराण्यात शिराल.

तारखेचंही तसंच. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला लोक वर्षानुवर्षं लावत. मजकुरात ‘सुमारे आठ वर्षांपूर्वी मयत’ असं लिहिलेलं असलं तर ते जपून टिपून ठेवा.

बायकांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या फेरफारांत बहुतेक वेळा मुलगेच दिसतात, मुली दिसत नाहीत. याचा अर्थ मुली नव्हत्या असा नव्हे. १९५६नंतरच्या नोंदींत मुली सासरच्या नावांनी येतात, आणि लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून नाहीशा होतात. ती हक्कसोडीची नोंद सोडू नका. कितीतरी आत्यांचं सासर आणि गाव फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

हे सगळं जुन्या मुंबई इलाख्यातलं. विदर्भात फेरफाराला दाखल-खारीज म्हणत आणि तिथे बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या) मिसली, म्हणजे फायली, व १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, महत्त्वाची. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि मोडीत. १९५०च्या दशकातलं खासरा पाहणी पत्रक हा तिथला भक्कम टप्पा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून हे जुने दप्तर जिल्ह्याजिल्ह्यांत उघडून पाहिलं गेलं आणि बऱ्याच जिल्ह्यांनी त्याच्या प्रती आपल्या संकेतस्थळांवर टाकल्या. तो शोध एका विशिष्ट कारणासाठी होता, पण त्याचा लाभ घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या सगळ्यांनाच होतो आहे. त्याशिवाय ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार पाहता येतात.

कोर्टातले आणि निबंधकाकडचे कागद

जमिनीबरोबर घर, सावकारी, दुकान किंवा बँकेतली रक्कम असली तर वारसांना कोर्टात जावं लागे. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८२७चं आठवं रेग्युलेशन होतं, आणि त्याखालचे वारस दाखले आजही दिले जातात. अर्ज आला की कोर्ट महिन्याभराची जाहीर नोटीस काढून हरकती मागवतं. अर्जात मयत कधी गेला आणि वारस कोण हे लिहिलेलं असतं. हरकत आली असेल तर ते प्रकरण तुमच्यासाठी सोनं आहे. दुसऱ्या बायकोची मुलं, दत्तक पुत्र, वेगळा झालेला चुलता, जे घरात बोललं जात नाही ते सगळं हरकतीच्या अर्जात आणि जबान्यांत येतं.

मुंबई शहरात मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, घेण्याची पद्धत जुनी आहे. आधी मेयर्स कोर्ट, मग रेकॉर्डरचं कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट आणि १८६२पासून हायकोर्ट. हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटचे नियम १८७०च्या कायद्याने लागू झाले, तेही आपल्याकडे मुख्यतः मुंबई शहरापुरते. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशोब द्यायचा असतो. त्या यादीत भांड्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळं उतरलेलं असू शकतं. मृत्युपत्र न करता गेलेल्याच्या मिळकतीसाठी जो अर्ज करतात, त्यात मयताचे नातेवाईक आणि त्यांचे राहते पत्ते द्यावे लागतात. म्हणून मृत्युपत्र नव्हतं असं कळलं की निराश होण्याचं कारण नाही.

एक साधी वाट बहुतेकांना माहीत नसते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र पुस्तक क्रमांक ३मध्ये नोंदतात. मृत्युपत्र करणारा हयात असेतो त्याची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही. तो गेल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कुणालाही ती मिळू शकते. १९०८चा नोंदणी कायदा हे स्पष्ट सांगतो.

तीर्थावरच्या वह्या

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात की उपाध्ये पहिला प्रश्न विचारतात: गाव कोणतं, आडनाव काय? वह्या लावलेल्या असतात त्या याच हिशोबाने. कोणत्या गावचे यजमान कोणत्या उपाध्यायांकडे हे ठरलेलं असतं. म्हणून मूळ गाव माहीत असणं फार महत्त्वाचं. चार पिढ्या मुंबईत काढलेल्यांनाही तिथे गाव सांगावंच लागतं. वहीत अस्थी घेऊन कोण आलं, कोणाच्या अस्थी, बरोबर कोण, भाऊ किती, मुलगे कोण हे लिहून खाली यजमानाची सही घेतात. पणजोबांचं हस्ताक्षर पाहायला मिळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

गया, काशी, प्रयाग आणि हरिद्वारलाही अशाच वह्या आहेत. हरिद्वार आणि इतर तीर्थांच्या वह्यांचं चित्रण अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळी संस्थेने केलेलं असून ते ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर आहे. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, घराण्याची वंशावळ वहीतून वाचून दाखवतात. ते आले तर त्यांना बसवून घ्या आणि नीट ऐका. या वह्या त्या त्या कुटुंबांची खाजगी ठेव आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये आणि दक्षिणेत हात आखडता घेऊ नये.

ज्यांच्याकडे दफन आहे

ख्रिस्ती घराण्यांचं काम काही बाबतींत सोपं आहे. कॅथलिक चर्चमध्ये मृत्यूच्या वह्या ठेवण्याचा नियम १७व्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. गोवा आणि वसईकडच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असतात. गोव्यात मिळकतीची वाटणी ‘इन्व्हेंटारियो’ या न्यायालयीन पद्धतीने होई. मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखलेला असल्यामुळे मुलींची नावंही त्यात येतात, आणि घाटावरच्या फेरफारांपुढे ही फार मोठी जमेची बाजू आहे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५चं. दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले अधिकारी. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी अमदानीतील चर्चच्या दफन नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लिंगायत, गोसावी आणि नाथपंथी समाजांत समाधी देतात, त्यामुळे गावाबाहेरच्या जुन्या समाध्यांवर एखादा कोरीव मजकूर असेल तर तो पाहावा. मुस्लिम आणि बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू) कुटुंबांनी आपापल्या दफनभूमीच्या व्यवस्थापनाकडे चौकशी करावी.

१९००च्या मागे

इथून पुढे वाट निमुळती होते. वतनदार, इनामदार, देवस्थानाचे पुजारी अशा घराण्यांचे कागद मिळतात, कारण १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामांची चौकशी केली आणि हक्क कुठून आला हे दाखवायला लोकांनी कैफियती (लेखी निवेदनं) व वंशावळी दाखल केल्या. त्यातलं पुष्कळ साहित्य पुण्याच्या पुराभिलेखागारात, लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिथे, रुमालांत बांधलेलं आहे. हक्क मिळवण्यासाठी दिलेली वंशावळ असल्यामुळे तिच्यात अडचणीची शाखा गाळलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

या कागदांत सन वेगळे असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र शकवर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. दख्खनच्या फसली सनात ५९०, आणि पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९ मिळवायचे. ही दोन्ही वर्षं उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतात, म्हणून वर्षाचा उत्तरार्ध आणखी एकाने पुढे जातो.

आणि लिपी मोडी. विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत गावचं दप्तर मोडीत लिहिलं जात होतं, त्यामुळे कोतवाल बुकालाही ती लागते. सगळी मोडी शिकायला वेळ लागतो. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे वर्ग भरतात, जमलं तर जरूर जा. तोवर आपल्या गावाचं नाव, घरातली चार-पाच नावं, आकडे, आणि बिन, कोम, मयत, वारस एवढे शब्द मोडीत ओळखायला शिका. एवढ्यावर पान चाळून आपल्या कामाची ओळ कुठली हे कळतं, आणि मग त्या पानाची नक्कल काढून जाणकाराकडे नेता येते. नक्कल घेताना गाव, नोंदवहीचं नाव, वर्ष, पान आणि नोंद क्रमांक तिथेच मागे लिहून ठेवा. पुढच्या वेळी अभिलेखपाल पहिल्यांदा तेच विचारतील.